इसाराआधीचं एक वाक्य

धुळ्याच्या देवपुरात मी घरं दाखवते, विकतही आणि भाड्यानेही. दारावर पाटी आहे, पण ती वाचून कुणी येत नाही. "त्या घरं दाखवणाऱ्या अक्का कुठे राहतात हो?" असं विचारत विचारत लोक येतात. मी हे काम सुरू केलं तेव्हा नवऱ्याची वीज कंपनीतली नोकरी चालू होती, मुलं शाळेत होती, आणि कॉलेजांच्या फाटकाशी दर जूनमध्ये साक्री, शिरपूर, रावेर अशा कुठल्या कुठल्या गावांहून आलेले आईबाप मुलींना घेऊन उभे असायचे. मुलीसाठी खोली हवी, घरमालकीण कशी आहे, न्हाणीघर कुठे आहे, हे पुरुष दलालाला विचारायला त्यांना अवघड जायचं. मला विचारायचे. खोल्यांपासून सुरुवात झाली आणि हळूहळू घरांच्या खरेदी-विक्रीपर्यंत पोचले.

या धंद्यात मी एक नियम पाळते. घरात काही वाईट घडलं असेल, कुणी जीव दिला असेल, कुणाचा खून झाला असेल, तर घेणाऱ्याला मी ते इसाराच्या आधी सांगते. इसार म्हणजे सौदा पक्का करताना हातावर ठेवायची पहिली रक्कम. तो एकदा दिला की माणूस अडकतो. म्हणून त्याच्या आधी. आणि सांगायचं ते एका वाक्यात. काय झालं तेवढं सांगायचं. कसं झालं, का झालं, लोक काय म्हणतात, यातलं काही सांगायचं नाही. ते त्या गेलेल्या माणसाचं असतं. घराबरोबर ते विकायचा अधिकार मालकालाही नाही आणि मला तर नाहीच.

हा नियम मला कुणी शिकवला नाही. लग्नानंतर आम्ही जळगावला भाड्याच्या घरात राहत होतो. माझं माहेर असोद्याचं, त्यामुळे आई-वडील हाकेच्या अंतरावर, मी खुशीत होते. घर स्वस्तात मिळालं याचा नवऱ्याला अभिमान होता. पावसाळा संपत आला तेव्हा शेजारच्या बाई एकदा माझ्याकडून वाटीभर साखर घेऊन गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "तू बरी या स्वयंपाकघरात उभी राहतेस, मला तर दारातूनच कसंतरी होतं." मग कळलं की आमच्या आधी त्या घरात राहणाऱ्यांच्या सुनेने तिथेच जीव दिला होता. मला मेलेल्या माणसाची भीती कधीच वाटली नाही. पण दूधवाल्याला माहीत होतं, इस्त्रीवाल्याला माहीत होतं, समोरच्या ओट्यावर बसणाऱ्या सगळ्या बायकांना माहीत होतं, आणि त्या मला रोज त्या खिडकीतून पोळ्या करताना बघत होत्या. सगळ्या गल्लीला ठाऊक आणि मला नाही, हे मला फार लागलं. आपल्याला कुणी माणसातच धरलं नाही असं वाटलं. पुढे दलाली करायला लागल्यावर मी ठरवलं की माझ्या हातून घर घेणाऱ्या बाईवर ही वेळ येणार नाही.

त्या नियमापायी माझे काही सौदे गेले. बाजारात मला नावं ठेवणारेही आहेत. पण ज्या घराने मला त्या नियमाची खरी किंमत दाखवली ते देवपुरातलंच, नदीपासून थोडं आत, कॉलनीच्या टोकाला असलेलं दुमजली घर. खाली हॉल, दोन खोल्या, मागे आंगण, आणि वर एक मोठी खोली.

मालक जळगावचे. भांड्यांचं जुनं दुकान, मूळचं राजस्थानातलं घराणं, पण तीन-चार पिढ्या खानदेशात मुरलेल्या. बाजारात सगळे त्यांना शेट म्हणतात, मीही म्हणत होते. धाकटा भाऊ दुकानात रमला नाही. तो धुळ्यात येऊन गणिताचे क्लास घ्यायचा, लग्न केलं नव्हतं, या घरात एकटाच राहायचा. तो गेल्यावर घर बरेच दिवस बंद होतं. मग शेटनी ते विकायला काढलं आणि कुणीतरी माझं नाव सुचवलं.

पहिल्याच भेटीत मी सगळ्या मालकांना विचारते तसं त्यांनाही विचारलं, "शेट, घरात काही घडलेलं आहे का? मला आधी माहीत असलेलं बरं."

"भाऊ गेला," ते म्हणाले. "अॅटॅक आला. माणसं जातातच ना ताई."

मी मान डोलावली. वय फार नव्हतं, पण अॅटॅक आजकाल कुणालाही येतो. त्यांनी किल्ल्या दिल्या आणि ते परत गेले. मी घर झाडून घेतलं, खिडक्या उघडल्या. समोरच्या घरातल्या आजी फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. "विकताय का? कोण घेणार हो ते? मास्तरने वरच्या खोलीत स्वतःचा जीव घेतला, सगळ्या कॉलनीला माहीत आहे. वरच्या खिडकीत उजेड दिसतो म्हणतात."

"तुम्ही पाहिलात?"

"मी नाही पाहिला. पण म्हणतात."

मी तिथूनच शेटना फोन लावला. लपवाछपवी मला जमत नाही, त्यामुळे जे ऐकलं ते सरळ सांगितलं. पलीकडे दुकानात भांडी रचल्याचा खणखणाट तेवढा ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "ताई, तुम्ही घर विका. माझ्या भावाला नका विकू."

"त्यांना मी विकणारच नाही. पण घेणाऱ्याला इसाराच्या आधी एक वाक्य सांगीन. हे मी सगळ्यांच्या बाबतीत करते. तुम्हाला चालत नसेल तर आत्ताच सांगा, मी किल्ल्या परत पाठवते."

त्यांनी फोन ठेवला. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. किल्ल्या मागितल्या नाहीत, म्हणून मी काम चालू ठेवलं.

पहिलं गिऱ्हाईक बँकेत नोकरी करणारं जोडपं होतं. घर त्यांना फार आवडलं. बाईंनी देवघर कुठे, फ्रिज कुठे, सगळं ठरवून टाकलं. चहा पिताना इसाराची भाषा निघाली, तेव्हा मी कप खाली ठेवला आणि सांगितलं, "या घरात आधी राहणाऱ्या गृहस्थांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. तुम्ही ठरवायच्या आधी हे तुम्हाला माहीत असावं, म्हणून सांगते."

बाईंनी हातातला कप तसाच धरून ठेवला. साहेब म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." दुसऱ्या दिवशी त्यांचा नकार आला. तो येणार हे मला कळलंच होतं. मला त्यांचा राग आला नाही. घर त्यांचं होणार होतं, तिथे झोप त्यांना लागायला हवी.

पण त्या साहेबांच्या ओळखीतून ही गोष्ट जळगावपर्यंत गेली आणि शेट गाडी घेऊन धुळ्याला आले. त्या घराच्या हॉलमध्ये, रिकाम्या भिंतींमध्ये, ते माझ्यावर ओरडले. आवाज घुमत होता.

"आमच्या घरातली गोष्ट तुम्ही रस्त्यावर आणलीत. माझ्या भावाला लोक वेडा म्हणतील. कुठल्या कायद्यात लिहिलंय की हे सांगावंच लागतं?"

"कुठल्याच नाही," मी म्हणाले. "मी विचारून आले आहे."

खरंच विचारलं होतं. कोर्टाजवळ बसणारे एक वकील माझ्या सौद्यांची कागदपत्रं बघतात. त्यांनी नीट समजावून सांगितलं होतं. जागेवर कर्जाचा बोजा असेल, मालकीत वाद असेल, बांधकामात सहज न दिसणारा मोठा दोष असेल, तर विकणाऱ्याने ते सांगितलंच पाहिजे, असं कायदा म्हणतो. घरात कुणाचा मृत्यू कसा झाला, याबद्दल तसा स्पष्ट नियम नाही. "मात्र अक्का," ते म्हणाले होते, "कुणी सरळ विचारलं आणि तुम्ही खोटं सांगितलंत, तर मग तो फसवणुकीचा मुद्दा होऊ शकतो. गप्प राहणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं."

हे मी शेटना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे गप्प राहायला मोकळीक आहे."

"तुम्हाला आहे. मला नाही. मला याच गावात राहायचंय. उद्या त्या बाई बाजारात भेटल्या तर त्यांच्याकडे बघता आलं पाहिजे."

त्यांनी हात पुढे केला. मी किल्ल्या दिल्या. त्यांनी घर दुसऱ्या एका दलालाकडे सोपवलं आणि निघून गेले. संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पेपर वाचत होता. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "गेलं तर गेलं. तू बदललीस तर मात्र मला अवघड जाईल, मी एवढ्या वर्षांत तुझी सवय करून घेतलीय." आमच्याकडे कौतुक असंच होतं.

गोष्ट तिथेच संपली असती. पण काही आठवड्यांनी साक्रीकडची एक बाई माझ्या दारात आली. तिच्या मोठ्या मुलीला मागच्या वर्षी मीच खोली पाहून दिली होती. शेतकरी घर, कांदा आणि बाजरी, थोडी डाळिंबं. नवरा कमी बोलणारा, सगळा कारभार बाईचा. धाकटी मुलगीही आता कॉलेजला यायची होती. दोघींसाठी भाडं भरण्यापेक्षा धुळ्यात एक घरच घ्यावं, असं तिने मनावर घेतलं होतं.

"अक्का, घर भलतं आवडनं," ती आल्या आल्या अहिराणीत म्हणाली. "पोरीसले कॉलेज जवळ पडी. तुम्ही एक डाव कागद देखी ल्या. आम्हले कागदमानं काय समजस?"

तिने पिशवीतून झेरॉक्स काढल्या. मी पत्ता वाचला. तेच घर. दुसऱ्या दलालाने दाखवलं होतं आणि आठवड्याभरात इसार द्यायचा ठरला होता.

"त्यांनी घराबद्दल काही सांगितलं का?" मी विचारलं.

"काय सांगतीन? मालक जळगावले ऱ्हास, कोनी ऱ्हावाले नई, म्हनीसन ईकस. अजून काय शे?"

माझी पंचाईत झाली. सांगावं, तर लोक म्हणतील सौदा हातातून गेला म्हणून हिने दुसऱ्याचा मोडला. न सांगावं, तर ही बाई विश्वासाने माझ्या दारात आलेली. त्यात एक गोष्ट मला टोचत होती. बँकेच्या त्या जोडप्याला मी सांगितलं, ते योग्यच केलं. पण ते वाक्य खरं तर माझ्या तोंडी शोभणारं नव्हतं. तो माणूस माझा कुणी नव्हता. ज्याचा होता त्याने ते सांगायला हवं होतं.

मी तिला म्हणाले, "कागद ठेवून जा. मी नीट बघते. आणि मला विचारल्याशिवाय इसार देऊ नका." इसाराच्या ठरलेल्या दिवशी तुम्हीही या, असं म्हणून ती आणखी काही न विचारता गेली.

मी कागद वकिलांकडून तपासून घेतले. ते स्वच्छ होते. मग सकाळची एसटी पकडून जळगावला गेले. पारोळा, एरंडोल मागे पडत होते आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळलं नाही.

शेटचं दुकान बाजारातल्या अरुंद गल्लीत. छतापर्यंत पितळी आणि स्टीलच्या भांड्यांची रास, आणि मध्ये पांढऱ्या गादीवर ते. मला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण दारात आलेल्या बाईला हाकलायची त्यांच्या घराण्याची रीत नव्हती. त्यांनी पाणी मागवलं. गिऱ्हाईक गेल्यावर मी सुरुवात केली.

"शेट, तुमचं घर ज्यांना विकताय त्या बाई माझ्याकडे आल्या होत्या. माझी जुनी ओळख आहे. त्यांनी मला विचारलं, मी अजून काही बोलले नाही."

"पुन्हा सौदा मोडायला आलात?"

"मोडायचा असता तर धुळ्यातच मोडला असता. एसटीने इथवर कशाला आले असते?"

मी पुढे म्हणाले, "त्यांनी पुन्हा विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. पण माझ्याऐवजी तुम्ही सांगावं असं मला वाटतं. मी तिऱ्हाईत आहे, माझ्या तोंडून ते बातमीसारखं येतं. भाऊ तुमचा होता."

त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या टोकाने पुसत बसले. "तुम्हाला काय वाटतं, मला लाज वाटते त्याची? आम्ही अॅटॅक म्हणालो ते त्याच्यासाठी म्हणालो. लोकांनी त्याच्याबद्दल वाकडं बोलू नये म्हणून. एकदा हे बाहेर पडलं की लोक त्याचं भूत करतील."

"शेट, भूत केलंच आहे लोकांनी," मी म्हणाले. बोलायला जड जात होतं, पण बोलले. "वरच्या खिडकीत उजेड दिसतो म्हणतात. पोरं संध्याकाळी त्या फाटकासमोरून पळत जातात. तुम्ही कुणी काही बोलत नाही, म्हणून लोक मनाला येईल ते जोडतात. तुमचा भाऊ कसा होता हे त्या कॉलनीत कुणी बोलायला धजत नाही. फक्त खिडकीबद्दल बोलतात."

उजेडाचं त्यांना माहीतच नव्हतं. एवढ्या मोठ्या दुकानाचा मालक, बाजारात ज्याच्या शब्दाला वजन, त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवलेही नाहीत.

"त्याला अंधार आवडायचा नाही," ते म्हणाले. "लहानपणी दिवा लावल्याशिवाय झोपायचा नाही." मी उठले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "त्या बाई कधी येणार आहेत घरी?"

मी दिवस सांगितला.

त्या दिवशी मी लवकर जाऊन फाटकाशी उभी राहिले. दुसरे दलाल आधीच आले होते. मला पाहून त्यांचं तोंड उतरलं. "अक्का, तुमचं इथे काय काम?" "काही नाही, बाईंनी बोलावलंय," मी म्हणाले. तेही खरंच होतं. बाई आणि तिचा नवरा मोटारसायकलवरून आले, दोघी मुली रिक्षाने. शेटची गाडी सगळ्यांत शेवटी आली. ते येणार हे त्या दलालालाही माहीत नव्हतं.

हॉलमध्ये शेटनी सगळ्यांना बसायला सांगितलं. खुर्च्या नव्हत्या, एक सतरंजी होती. त्यावर तेही खाली बसले. दलालाने इसाराचा विषय काढला तसा त्यांनी हात वर केला.

"आधी मला एक सांगायचंय," ते म्हणाले. "या घरात माझा धाकटा भाऊ राहत होता. मुलांना गणित शिकवायचा. त्याने इथेच, वरच्या खोलीत, स्वतःचं आयुष्य संपवलं. आम्ही लोकांना अॅटॅक सांगितला. ते खरं नाही. तुम्ही घर घेणार, म्हणून तुम्हाला हे कळायला हवं. नाही म्हणालात तर मला वाईट वाटणार नाही."

एका दमात बोलले. शेवटी आवाज थोडा कापला, पण वाक्य अर्धं सोडलं नाही. दलाल जमिनीकडे बघत होता. त्या क्षणी मला वाटलं, सौदा होवो न होवो, मी जळगावला गेले ते बरं केलं.

बाईने पदर सावरला. "काय वय व्हतं त्यासनं?"

शेटनी वय सांगितलं. मग तिने नाव विचारलं. त्यांनी नाव सांगितलं. मला वाटतं, त्या घरात ते नाव मोठ्याने घेतलं गेलं ते बऱ्याच दिवसांनी.

नवरा तिच्या कानाशी काही पुटपुटला. त्याच्या चेहऱ्यावर भीती स्पष्ट दिसत होती, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. दोघं उठून मागच्या आंगणात गेले. मुलीही मागोमाग गेल्या. आम्हाला बोलणं ऐकू येत नव्हतं, फक्त बाईचा हात वर-खाली होताना दिसायचा. शेट तसेच बसून होते, पाठ ताठ. बराच वेळ गेला. मग ते चौघं आत आले आणि बाई उभ्याउभ्याच बोलली.

"शेट, जठे मानसं ऱ्हातस तठे मरतस बी. जी खोलीमा मना सासरा गया, तीच खोलीमा मनी पोर व्हयनी. आम्ही काय ती खोली सोडी दिधी?" मग नवऱ्याकडे हात करून म्हणाली, "यासले जरासा धाक वाटस. आम्ही घर जाईसन इचार करतस. पन तुम्ही सोता सांगं, हाई चांगलं करं. मांगून कळतं, ते आम्ही तुम्हले कधीच माफ करतू नई."

मागाहून कळलं असतं तर माफ केलं नसतं, असं बजावून ते निघून गेले. दलालाने माझ्याकडे असं पाहिलं की बोलायची गरज नव्हती. शेट मात्र जाताना माझ्याजवळ थांबले. "ताई, हलकं वाटलं," एवढंच म्हणाले.

चार-पाच दिवस काही निरोप नाही. मग बाईचा मला फोन आला की नवऱ्याच्या मोठ्या भावाने विरोध केला होता, गावातल्या एका जाणत्यानेही नकारार्थी मान हलवली होती. शेवटी निकाल लावला तो मोठ्या मुलीने. ती म्हणाली, ज्या घराबद्दल आपल्याला सगळं माहीत आहे तिथे राहायला मला भीती वाटणार नाही. ज्याबद्दल काहीच माहीत नाही तिथे वाटेल. वरची खोली तिने स्वतःसाठी मागून घेतली.

सौदा पुन्हा त्याच सतरंजीवर बसून झाला. त्या दलालाने, घर असं आहे म्हणून भाव पाडून मागा, असं बाईला हळूच सुचवलं होतं, हे तिनेच नंतर हसत सांगितलं. तिने भाव पाडला, पण तिच्या पद्धतीने. मागच्या खोलीची भिंत हाताने चाचपून ती म्हणाली, "शेट, भितले ओल शे. तेना पैसा कमी करा. भाऊना नका करू."

ओलीचे पैसे कमी करा, भावाचे करू नका. शेट मोठ्याने हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. त्यांनी ओलीचे पैसे कमी केले. जरा जास्तच केले, असं त्या दलालाचं मत पडलं.

दलाली त्यालाच मिळाली, आणि ते बरोबरच होतं, गिऱ्हाईक त्याने आणलं होतं. खरेदीखताच्या दिवशी मी रजिस्ट्रार कचेरीत गेले ती नुसती सोबत म्हणून. बाईने सहीच्या जागी अंगठा उठवायला नकार दिला आणि सावकाश, अक्षर अक्षर काढत सही केली. मुली दोन्ही बाजूंनी बघत होत्या.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांनी घरभरणी केली. मला निमंत्रण होतं, शेटना होतं, आणि बाईने स्वतः दारोदार जाऊन कॉलनीतल्या सगळ्यांना बोलावलं होतं. प्रत्येक दारात तिने सांगितलं, "ते मास्तरनं घर आम्ही लिधं शे, जेवाले या." मास्तरचं घर. खिडकीचं, उजेडाचं एक अक्षर नाही. खापरावरच्या पुरणपोळ्या होत्या आणि आमरस. मांडव लहान पडला, लोक रस्त्यावर बसले.

शेट पत्नीला घेऊन आले होते. हॉलमध्ये एका कोपऱ्यात संकोचून बसले होते. आधी सगळे त्यांच्यापासून जरा लांबच राहिले. मग समोरच्या आजी, तीच उजेडाची गोष्ट सांगणारी, त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "माझा नातू दोनदा नापास झाला होता. तुमच्या भावाने त्याला फुकट शिकवलं. आता तो पुण्यात नोकरी करतो. तुम्हाला सांगायचं होतं, पण कसं बोलावं ते कळत नव्हतं."

त्यांच्यामागून एक रिक्षावाला आला. मग कॉलेजात काम करणाऱ्या एक बाई. कुणी सांगत होतं मास्तर चिडले की खडू मोडायचे, कुणी सांगत होतं भर उन्हात पांझरेच्या पुलावरून सायकलने यायचे. शेट प्रत्येकाला परत परत विचारत होते, "हो का? असं म्हणायचा तो? मला माहीत नव्हतं." त्यांच्या पत्नीने ताट आणून ठेवलं, तरी जेवण तसंच राहिलं होतं.

मी दारातून हे बघत होते. मला माझ्या कामाचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. आजही मी मालकाला पहिल्या भेटीत तो प्रश्न विचारते. काही जण उठून दुसऱ्या दलालाकडे जातात. पण त्या घरानंतर मी नियमात थोडी भर घातली. आता मी मालकाला म्हणते, मी सांगीनच, पण तुम्ही सांगितलंत तर जास्त चांगलं. सगळे तयार होत नाहीत. काही होतात. त्यातला एक जण परवाच माझ्यासमोर, अगदी अनोळखी माणसांना, आपल्या बायकोबद्दल सांगत होता. सांगून झाल्यावर तो मला म्हणाला, "अक्का, आता तुम्ही त्यांना वरची गच्ची दाखवा, मी इथे जरा बसतो." मी त्यांना गच्चीवर घेऊन गेले, आणि पाण्याची टाकी कुठे आहे, ऊन कुठल्या बाजूने येतं, हे सगळं नीट समजावून सांगितलं.